राणीची गाडी आणि काचेवरची टकटक

मी पार्सिपनीला ज्यांच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहतो, त्या सुधीरकाकांनी एका रविवारी जिन्यातून हाक मारली, "संतोष, तुला उजव्या स्टेअरिंगची गाडी येते ना रे?"

म्हटलं, "काका, मला तीच येते. डावीकडची इथे येऊन शिकलो. अजूनही कधी कधी चुकीच्या दारातून आत बसतो आणि स्टेअरिंग शोधत राहतो."

आधी माझं थोडक्यात सांगतो. तासगावात द्राक्षांचा टेम्पो चालवायचो. दहावीला दोनदा बसलो, दोन्ही वेळा इंग्रजीने आडवं पाडलं. तिसऱ्यांदा बसायच्या आत मामाने लावलेली आईची ग्रीन कार्डची फाइल पास झाली आणि इंग्रजीत नापास झालेला गडी डायरेक्ट अमेरिकेत आला. आता टायरच्या दुकानात कामाला आहे. पायाला भिंगरी आहे. आठवडाभर कुठे गेलो नाही की मला कसंतरी होतं, म्हणून हा ब्लॉग.

तर विषय असा होता. काकांच्या लेकीचं, सईचं लग्न. साखरपुड्यातच मंगलकाकू विहीणबाईंना बोलून बसल्या होत्या, "आमच्याकडे नवरदेवाला आणायला मुलीकडची गाडी जाते. आणि साधीसुधी नाही जायची!" विहीणबाई जर्सी सिटीच्या उंच टॉवरमध्ये राहतात. त्या वरूनच म्हणाल्या, "बघू हं."

ते "बघू हं" काकूंच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकलं. घोड्याला हॉटेलने इन्शुरन्सचं कारण सांगून नाही म्हटलं. मग काकांना ऑनलाइन एक गाडी सापडली. साठच्या दशकातली, काळीभोर, ब्रिटिश लिमोझिन. मॉडेलचं नाव प्रिन्सेस. राजघराण्यातसुद्धा ह्या मॉडेलच्या गाड्या होत्या, एवढं वाचल्यावर काकूंनी पुढचं वाचूच दिलं नाही. "राणीची गाडी! ठरलं!"

गाडी होती पेनसिल्व्हेनियाच्या उत्तरेला, डोंगरात. ट्रेलरवाला लग्नाच्या आधी येईना. म्हणजे कुणीतरी चालवत आणायची. काकांनी कागदपत्रं, टेम्पररी नंबर, इन्शुरन्स सगळं केलं. ड्रायव्हर बेसमेंटमध्ये होताच.

शनिवार, जाताना

सकाळी लवकर काकांच्या एसयूव्हीतून निघालो. ज्यांना हा रस्ता करायचाय त्यांच्यासाठी: पार्सिपनीहून आय-८० धरून पश्चिमेला. डेलावेअर नदीचा पूल आला की टोल, तो जातानाच लागतो, येताना फुकट. स्क्रँटनपर्यंत हायवे, आणि तिथून रूट सिक्स. हा रस्ता मात्र चुकवू नका. एका लेनचा, वळणावळणाचा, खाली सस्क्वेहाना नदी अशी पसरलेली की मला कृष्णाच आठवली. फक्त हिच्या काठाला ऊस नाही. फोनला रेंज येते-जाते, मॅप आधी डाउनलोड करून ठेवा. पेट्रोल दिसलं की भरा. हरणांच्या पाट्या दिसतात त्या शोभेच्या नाहीत.

खायला काकूंचे धपाटे आणि ठेचा होता. तरी टोवांडाच्या पुढे एका डायनरमध्ये ब्लूबेरी पाय खाल्ला. काकू म्हणाल्या, "गोड पुरणाची कचोरी आहे झालं," आणि दुसरा मागवला.

गाडीचा मालक वॉल्टर, ऐंशीच्या घरातला उंच म्हातारा, वेल्सबरोच्या पुढे एका लाल कोठारापाशी वाट बघत होता. त्याने कोठाराचं दार सरकवलं.

काय गाडी आहे राव! लांबी म्हणजे माझ्या टेम्पोत अजून अर्धा टेम्पो. पुढे देवळाच्या दारासारखी उभी चकचकीत जाळी. आत लाकडाला असं पॉलिश की तोंड बघून भांग पाडावा. ड्रायव्हर आणि मागच्या मंडळींच्या मध्ये काच, हँडल फिरवून वरखाली करायची. त्या भिंतीतून दोन घडीच्या सीटा निघतात. गिअर आपल्या जुन्या अँबॅसडरसारखा स्टेअरिंगलाच.

ड्रायव्हरची सीट लेदरची आणि मागची मालकाची लोकरीच्या कापडाची. मला वाटलं उलटं झालंय. वॉल्टर म्हणाला (काका भाषांतर करत होते), त्या काळी कापड भारी समजायचे, मऊ आणि गरम. लेदर ड्रायव्हरला, कारण ते पुसता येतं. शिवाय मागे भिंत असल्यामुळे माझी सीट मागे सरकतच नाही. गुडघे स्टेअरिंगला, नाक काचेला.

"आणि इंजिन?" मी विचारलं.

वॉल्टर हसला. इंजिन लॉरीचं! त्या कंपनीने आपलं लॉरीचं इंजिनच सुधारून ह्या मोठ्या गाड्यांना बसवलं होतं. हे ऐकून मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. वरून राणी आणि आतून ट्रक.

काकूंनी पिशवीतून पूजेचं सामान काढलं. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, काका "पेंट, पेंट" करतायत तोवर निघालं पण. जाळीला झेंडूचा हार, त्यात पांढरी शेवंती. चारी चाकांखाली लिंबू. नारळ फोडला, तोंडाने श्लोक चालूच. वॉल्टरने हळूच टोपी काढली, छातीशी धरली. पूजा झाल्यावर डोळे पुसत म्हणाला, "कित्येक वर्षांनी हिच्यावर फुलं आली. पूर्वी रोज असायची."

"बघा," काकू म्हणाल्या, "लग्नाचीच गाडी आहे ही!"

शनिवार, येताना

काका एसयूव्हीतून मागे, मी लिमोझिनमध्ये. काकूंना म्हटलं, "तुम्ही पुढे बसा. मी उजवीकडे बसलोय, इथल्या रस्त्यावर मला पुढच्या ट्रकपलीकडचं काही दिसत नाही. ओव्हरटेकला डावीकडून कुणीतरी बघायला पाहिजे."

"एवढी मोठी गाडी ड्रायव्हरच्या शेजारी बसायला घेतली काय रे?" असं म्हणून काकू मागे डावीकडे बसल्या. बसल्या बसल्या गंमत म्हणून काच वर घ्यायला लावली. काच वर गेली आणि तिथेच अडकली.

आता मला त्यांचं काही ऐकू येईना, त्यांना माझं. आरशात फक्त ओठ हलताना दिसायचे. अमेरिकेत आल्यापासून एवढी शांतता मी पहिल्यांदा अनुभवली. शेवटी एका वळणाला थांबून ठरवलं: काचेवर एकदा टक म्हणजे जा, दोनदा म्हणजे थांब. दहा मिनिटांत काकू ट्रॅफिक पोलीस झाल्या. ट्रॅक्टर आला की टक. समोरून गाडी आली की टकटक. एकदा बांगडी काचेला लागली आणि मी उगाच एका दूधवाल्या टँकरच्या बाजूला गेलो होतो, तेवढं जाऊ दे.

चहासाठी ड्राइव्ह-थ्रूत गेलो तर दुकानाची खिडकी डावीकडे, मी उजवीकडे. मागून काकूंनी आपली काच खाली केली आणि हात बाहेर काढून फर्मावलं, "टू टी. नो आइस." खिडकीतली पोरगी इतकी बावरली की तिने मान झुकवून कप दिले.

गाडी पंचेचाळीसच्या वर जाईना. म्हणून काकांनी मागून पार्किंग लाइट फ्लॅश करत ठेवले, माझेही हेडलाइट लावायला सांगितले. आणि मग भानगडच सुरू झाली. पहिल्या गावात शिरलो तर समोरच्या गाड्या बाजूला घेऊन थांबल्या. एका पिकअपवाल्याने टोपी काढली. फुटपाथवर दोन म्हाताऱ्या उभ्या राहिल्या. एकाने छातीवर हात ठेवला.

आरशात बघतो तर काकू ताठ बसून, मनगटातून हात हलवत सगळ्यांचे नमस्कार घेतायत!

पुढच्या गावातही तेच. मी म्हटलं, काय माणसं आहेत, जुन्या गाडीला केवढा मान देतात. पेट्रोल भरायला थांबलो तेव्हा काउंटरवरच्या बाईने माझ्या कॉफीचे पैसे घेतले नाहीत. हात हातात घेऊन म्हणाली, "तुमच्या घरी जे झालं त्याचं वाईट वाटतं." त्यातलं 'फॅमिली' तेवढं मला कळलं, वाटलं लग्नाचंच विचारतेय. मी म्हटलं, "थँक यू, नेक्स्ट सॅटरडे आहे, सगळे खूप खूश आहेत."

तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. मागे काका उभे होते, त्यांचा त्याहून.

इथल्या लहान गावांत मयतीच्या गाड्या हेडलाइट लावून हळू जाताना दिसल्या की लोक थांबतात. काळी लांब गाडी, जाळीला फुलं, मागे लाइट फ्लॅश करणारी एसयूव्ही. आम्ही टोवांडापर्यंत अंत्ययात्रा काढली होती.

बाहेर येऊन काका मला हे समजावत होते, ते काकूंनी गाडीच्या खिडकीतून सगळं ऐकलं. "वॉल्टरला फोन लावा. स्पीकरवर."

वॉल्टर बिचारा सरळ माणूस. म्हणाला, "मला वाटलं तुम्हाला माहितीय. ती इंग्लंडमधल्या एका अंत्यविधीवाल्याची गाडी. अशा बऱ्याच गाड्या त्यांनीच घेतल्या होत्या. शववाहिनीच्या मागे हिच्यात घरची माणसं बसायची. माणसाच्या चालीने तासभर चालायला पाहिजे, तापायला नको, धक्का बसायला नको. त्यासाठी असलं इंजिन बरं. तुम्ही फुलं घातली, मंत्र म्हटले, मी टोपी काढली."

"मेलेलं माणूस हिच्यात...?" काकूंनी अर्धंच विचारलं.

"कधीच नाही. फक्त रडणारी. आणि शनिवारी तीच गाडी पांढरी रिबीन लावून लग्नाला जायची."

काकूंनी फोन बंद केला. "सुधीर, ह्या गाडीत माझा जावई बसणार नाही. विहीणबाईंना कळलं तर जन्मभर 'बघू हं' ऐकावं लागेल." आणि एसयूव्हीत जाऊन बसल्या.

माझ्यातला टेम्पोवाला मात्र जागा झाला होता. काकांना बाजूला घेऊन म्हटलं, "काका, माणसाच्या चालीने, तासभर, न तापता. दुसरं काय चालतं असं?"

काका म्हणाले, "वरात." मग इकडेतिकडे बघून म्हणाले, "हे आत्ता हिला बोलू नकोस. मारेल."

रविवार

मोटेल टोवांडात घेतलं होतं. स्वच्छ, नाश्त्याला वॉफलचं मशीन, उलटवायचं विसरलात तर खाली सांडतं, माझं सांडलं. काका-काकू एका टेबलावर बसून दोन दिशांना बघत खात होते.

मी गाडीवरचं दव पुसून फडकं धुवायला गेलो. परत येतोय तर काकू आधीच मागे बसलेल्या. मी दार उघडलं.

"बस," म्हणाल्या. मी घडीच्या सीटवर बसलो.

काकू सीटचं कापड हाताने गोंजारत होत्या. "माझी आई वारली नागपूरला, तेव्हा मी इथे. तिकीट मिळेपर्यंत सगळं उरकलं होतं. मग मी रडले कुठे सांगू? मॉलच्या पार्किंगमध्ये, आमच्या त्या जुन्या सेडानमध्ये. शेजारच्या गाडीतला पोरगा बर्गर खात टकामका बघत होता." दाराजवळचा पडदा सरळ केला. "हे लोक रडणाऱ्यालासुद्धा एवढं मऊ बसवत होते रे. दाराला पडदे, पुढे काच. ही गाडी हसणाऱ्याचं काय वाकडं करणार?"

मी म्हटलं, "काकू, शिवाय ही वरातीच्या स्पीडने..."

"ते काल ऐकलं मी. खिडकी उघडी होती. चल, काढ गाडी. आणि सुधीरला सांग, ते लाइट बंद कर म्हणावं!"

दुपारपर्यंत पार्सिपनी. टकटकीसह. पेट्रोल मात्र ही बाई लॉरीसारखंच पिते, हे बजेटमध्ये धरा.

घरी

आठवडाभर दुकानातून आलो की तिच्या मागे. काचेच्या खाचेला साबण चोळला, काच लोण्यासारखी फिरायला लागली.

लग्नाच्या दिवशी नवरदेवाला घेऊन हॉटेलच्या पार्किंगला फेरी घातली. ढोल-ताशा, नाचणारी आयटीतली पोरं, वर रणरणतं ऊन. पुढे मित्राची भाड्याची स्पोर्टकार होती, ती रांगत रांगत दोनदा बंद पडली. आमच्या बाईचा टेम्परेचरचा काटा हलला नाही. विहीणबाईंनी बॉनेटवरून बोट फिरवून विचारलं, "कुणाची हो ही आधी?"

काकू म्हणाल्या, "इंग्लंडातल्या मोठमोठ्या घरची माणसं बसलीत हिच्यात. रस्त्याने जायची तर लोक टोप्या काढून उभे राहायचे." काकांना ठसका लागला. विहीणबाई म्हणाल्या, "अगं बाई!" त्या दिवशी "बघू हं" पुन्हा ऐकू आलं नाही.

आता ती गाडी काकांच्या गॅरेजमध्ये राहते आणि एसयूव्ही बाहेर उन्हापावसात. लोक विचारतात, ट्रिपमध्ये बघण्यासारखं काय होतं? नदी आहे, डोंगर आहे, ब्लूबेरी पाय आहे. पण माझ्याजवळ राहिलं ते दुसरंच.

पाठवणीला सई गाडीत बसेपर्यंत हसत होती. आईला म्हणत होती, "Mom, please, no drama. It's forty minutes away." दार लागलं. मी गाडी सुरू केली आणि आरशात बघितलं तर पोरगी ओंजळीत तोंड घालून हुंदके देत होती. नवरदेव रुमाल शोधत खिसे चाचपत होता. बाहेर काकू काचेला हात टेकून उभ्या होत्या, त्यांचंही तेच. सगळे मोबाइल घेऊन शूटिंग करत होते.

मी नवरदेवाला मागचे पडदे ओढून घ्यायला सांगितलं. मग हँडल फिरवलं, मधली काच पूर्ण वर केली आणि आरसा वळवून छताकडे केला. गाडी तशीच उभी ठेवली. मागून कुणीतरी हॉर्न मारला. मारू दे म्हटलं. मला कुठे ऐकू येतंय.

बऱ्याच वेळाने काचेवर आवाज आला. सईला कुणी शिकवलं होतं ते सांगायला नको.

टक. एकदाच.

मी पहिला गिअर टाकला.