त्र्याहत्तरला भाग जात नाही

नागभीड जंक्शनच्या सिमेंटच्या बाकावर आम्ही दोघं गाडीची वाट पाहत बसलो होतो. मी चंद्रपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, मूल गावच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायला नुकतीच लागलेली. शेजारी गणिताचे रामटेके सर. गाडी लेट. सरांनी खिशातला खडू माझ्या हाती दिला. "लिहा बाई, सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहतीस."

मी बाकावर लिहिलं, ७,४९,४९,१३३.

"एकोणचाळीसचे एकोणपन्नास केले! तेही दोनदा!" सर खदखदून हसले. "चाळीसले एक कमी, म्हणून एकोणचाळीस. सिस्टरनं शिकवलं नाई का?"

मग त्यांनी नीट लिहिलं, ७३९३९१३३. ही मूळ संख्या. एक आणि ती स्वतः सोडून हिला कशानेच पूर्ण भाग जात नाही. सर अंगठ्याने उजवीकडचा एकेक अंक पुसत गेले. दर वेळी उरेल तीही मूळ संख्याच! शेवटी ७३९, मग ७३, मग ७.

"असं पुसू देणारी याच्याहून मोठी संख्याच नाई, बाई! उजवीकडे कोणताबी अंक लावून पाहा, भाग जातेच." गाडी आली तेव्हा मी नाचायचीच काय ती बाकी होते. आजही लिहिताना तसंच होतंय.

पुढे गाडीत रोज सरांनी मला मराठी आकडे शिकवले. चुकलं तर उत्तर सांगत नसत. "चूक कुठी झाली, ते तुम्हीच सांगा," म्हणत. विद्यार्थ्यांनाही हाच नियम.

गेल्या वर्षी सरांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, बोलणं तुटक झालं. मी दवाखान्यात पोचले तर वहिनी दारातच रडत होत्या. "सकाळपासून नुसते आकडे बडबडून राह्यले, बाई. सात म्हणतेत, त्र्याहत्तर म्हणतेत. डोकं गेलं का जी याईचं?"

आत सर डोळे मिटून कष्टाने म्हणाले, "सात...शे... एकोण..." आणि अडले.

ही तर बाकावरचीच संख्या! मी मुद्दाम वाकून विचारलं, "एकोणपन्नास ना, सर?"

डोळे उघडले. "चा...ळीस! त्या एकोणपन्नासले... सातानं... भाग जाते!"

"वहिनी," मी ओरडलेच, "डोकं जागेवर आहे! सगळंच्या सगळं!"

नर्सताईंनी मला बाहेर काढलं.

हा गौरवग्रंथ खरं तर सरांच्या पंच्याहत्तरीला काढायचा होता. सरांनीच मोडता घातला. "पंच्याहत्तरले तिनानं जाते, पाचानं जाते. त्र्याहत्तरलेच करा." म्हणून ही घाई. सरांची प्रकृती अशीच सुधारत राहो आणि आम्हाला एकोणऐंशी, त्र्याऐंशी, एकोणनव्वद, सत्त्याण्णव, एकशे एक असे सगळे सत्कार करायला मिळोत. एकोणऐंशी म्हणजे किती, ते मला आता पक्कं कळतं.

संयोजकांना एवढंच सांगणं: शाल वहिनींना द्यावी. श्रीफळ सरांना रोज व्यायाम करायला लावणाऱ्या त्यांच्या लेकीला. गुच्छ मला बाहेर काढणाऱ्या नर्सताईंना. सरांच्या उजव्या हातात फक्त खडू द्यावा. फळ्यापाशी डस्टर मात्र ठेवू नये. त्यांचा अंगठा आता चालतो.