फाटकवाल्याच्या मांडीवर समर्थ

डहाणूजवळच्या एका रेल्वे फाटकावर शांतारामने सगळी नोकरी काढली, आणि त्या सगळ्या वर्षांत तो जेवढं बोलला तेवढं त्याची बायको यमुना एका बाजाराला बोलून यायची. मुलगा मुकेश मोठा झाला हे आपल्याला त्याच्या लग्नपत्रिकेवरून कळलं, असं तो स्वतःच लोकांना सांगायचा. लोक हसायचे. त्यात खोटं फारसं नव्हतं.

आता आशागडच्या घरी निवांत बसावं, तर नातू समर्थ पदरात पडला. सून रोशनी तलासरीकडे शिक्षिका. तिची रजा संपत आलेली, यमुनाचे गुडघे धरलेले. पोराला सांभाळायला उरला शांताराम, आणि त्याला बघताच समर्थ भोकाड पसरायचा. पोर त्याच्याकडे राहिलं नाही, तर रोशनीला नोकरी सोडावी लागणार होती.

“बाबा, त्याच्याशी बोला ना,” रोशनी म्हणाली. “या वयात मेंदू भराभर घडतो. त्याने आवाज केला की आपण उत्तर द्यायचं, मग परत त्याला बोलू द्यायचं. आपलं ऐकणारं माणूस मिळालं की पोर त्याला धरून राहतं.”

“माझ्याशी लहानपणी कोणी बोललं नाही.”

“ते दिसतंच आहे,” यमुना आतून म्हणाली.

शांताराम बोलायला बसला. पाऊसपाणी सांगून झालं, चिकूचा भाव सांगून झाला, समर्थचं तोंड वाकडंच. शेवटी त्याने येत होतं तेच काढलं. फाटकावर स्टेशनातून फोन आला की निरोप जसाच्या तसा परत म्हणायचा आणि पलीकडून होकार येईपर्यंत जागचं हलायचं नाही, ही त्याची जन्माची सवय.

समर्थ रडता रडता म्हणाला, “आग्ग.”

“आग्ग,” शांतारामने परत म्हटलं, आणि होकाराची वाट बघत बसला.

पोर गप्प झालं. म्हाताऱ्याकडे टक लावून बघत राहिलं. मग म्हणालं, “आग्ग बुब्बू.”

“आग्ग बुब्बू.”

समर्थ खदखदून हसला. त्या दिवसापासून दोघांचा हाच कारभार सुरू झाला. भाताचा घाससुद्धा होकाराशिवाय पुढे सरकेना. शेजारची हिरी कुंपणाशी उभी राहून बघून गेली आणि म्हातारा कामातून गेला असं आळीभर सांगून आली. शांतारामला ते पटलं. अख्ख्या जन्मात बोलायला जोडीदार मिळाला तो बिनदाताचा, आणि विषयही आपल्याच अकलेला झेपणारे.

रजेच्या शेवटच्या दिवशी समर्थ उंबऱ्याला धरून उभा राहायला गेला आणि आपटला. रोशनी हात पसरून धावली, शांतारामही उठला. पोराने दोघांकडे बघितलं, ओठ काढले, आणि रडत रडत रांगत येऊन शांतारामचा लेंगा धरला.

रोशनी तशीच उभी राहिली. “जमलं की बाबा,” ती म्हणाली. “उद्या मी बिनघोर जाते.” आणि ओढणीने डोळे पुसत आत वळली.

शांतारामला इतका आनंद झाला होता की त्याची त्याला लाज वाटली. त्याने समर्थला उचललं, तिच्यामागे स्वयंपाकघरात गेला आणि पोर तिच्या कडेवर दिलं.

“आज तुझ्याकडेच राहू दे,” तो म्हणाला.