रिकाम्या खुर्चीची साथ

गिटारवाल्याबरोबर फिरायला लागलं की किस्से जमवावे लागत नाहीत. पिशवीतल्या वायरी गुंततात, तसे ते आपोआप एकमेकांत गुंतत जातात.

विलास वैशाखरे गावचा, मी त्याचा साउंडवाला. तो साधी अकूस्टिक गिटार एकटा वाजवतो. जॅझ, स्पॅनिश फ्लॅमेंको, मधूनच आदिवासी तारप्याची चाल. अंगठ्याने जाड बेस, बोटांनी सूर, तळव्याने लाकडावर ठेका! ऐकणाऱ्याला वाटतं, दोघं वाजवतायत. आणि विलासचं स्वप्न एकच: एक अख्खा अल्बम, फक्त स्वतःच्या नावावर.

*

मुरबाडजवळच्या एका गावात कार्यक्रम संपला. सरपंच सत्काराला टॉवेल, टोपी, नारळ घेऊन आले. सगळं दोन-दोन!

"दुसरे कुठं गेले?"

"मी एकटाच होतो, साहेब."

"काय सांगता! मंग तो जाड आवाज कोन काढत होता?"

दोन्ही नारळ घरी आले. विलासच्या आईने वड्या केल्या, त्यातल्या निम्म्या मीच खाल्ल्या. तेव्हा आम्हाला हसू येत होतं.

*

बातमी पसरली असावी. त्यानंतर कुठेही जा, खुर्च्या दोन मांडलेल्या. आटगावच्या फार्महाऊसवर तर चहाही दोन आले. एक विलास प्यायला, दुसरा डावीकडच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवला. वाजवून झालं, बघतो तर तोही कप रिकामा!

"तू घेतलास?"

"मी मिक्सरपाशी होतो रे."

"मग मुंग्यांनी घेतला असेल!" विलास म्हणाला, पण उगाच मोठ्याने.

*

माळशेज रोडच्या एका रिसॉर्टवर फळ्यावर लिहिलं होतं, 'आज गिटारची जोडी'. विलासने 'जोडी' स्वतः पुसलं. कार्यक्रम करून बाहेर आलो, तर 'जोडी' परत जागेवर!

मॅनेजर म्हणाला, "आमच्याकडं खडूच नाय, सर. ते पेंटचं हाय, पुसत नाय."

*

अल्बमसाठी आम्ही गावातली बंद भातगिरण धरली. आत आवाज छान घुमतो. गिरणवाल्या मावशीने दोन खुर्च्या मांडल्या आणि ऐकत बसली.

"तुजा हात गोड हाय रे विलास. पन तो डावीकडचा तुज्यापरीस बरा वाजवतो."

आमचा विलास स्वतःच्या अंगठ्यावर जळायला लागला! रागारागाने त्याने ती खुर्ची बाहेर नेऊन ठेवली. त्या दिवशी एकही टेक जमला नाही. संध्याकाळी तोच ती आत घेऊन आला.

*

एकच गाणं उरलं होतं, आणि घरच्या भाताचे भारे चढवताना टेम्पोचा फाळका विलासच्या उजव्या अंगठ्यावर आदळला. प्लास्टर! गिरण तर विकली गेली होती, दुसऱ्या दिवशी पाडणार होते. मला त्याच्याकडे बघवेना.

"बेस राहू दे," तो म्हणाला. "नुसत्या बोटांनी वाजवतो."

भर दुपारी रेकॉर्डिंग लावलं. त्याचा पांढरा अंगठा हवेत ताठ उभा. आणि माझ्या हेडफोनमध्ये बेस! अगदी लयीत, नेहमीचा. विलासने हात तारांवरून उचलला, तरी तो थोडा वेळ वाजत राहिला, मग थांबला.

मी हेडफोन काढला.

"आला ना?" विलासने विचारलं.

मी मान डोलावली.

त्याने गिटार खाली ठेवली. मग म्हणाला, "अल्बमवर नावं दोन टाक."

"दुसरं काय टाकू?"

विलास डावीकडच्या खुर्चीकडे वळला आणि अदबीने म्हणाला, "सांगा ना, काय टाकू?"