तांदूळ वाढले

निलमला आम्ही लिहायला ठेवलं होतं, समजून घ्यायला नाही. हे आज सांगताना लाज वाटते, पण तेव्हा मी तिला जवळजवळ याच शब्दांत ऐकवलं होतं.

तलासरीजवळच्या पाड्यावरची ही बारावी झालेली मुलगी. आधी डहाणूच्या एका वाडीत चिकू निवडायची. पाड्यांवर रेकॉर्ड केलेल्या मुलाखती ऐकून टाइप करायचं काम आम्ही तिला दिलं. कानाला हेडफोन लावून ती प्रत्येक वाक्य आधी पुटपुटायची, मगच लिहायची. मी समाजशास्त्राची, कामातला माझा जोडीदार उमेश डेटावाला. त्याचा प्रोग्राम शेकडो मुलाखती वाचून कुठल्या पाड्यावर जास्त ओढाताण आहे ते सांगणार होता. मुलांसाठी पावसाळाभर चालणारं एकच जेवणघर तिथे उघडायचं होतं.

निलमच्या शेजारणीच्या, भिकीकाकीच्या मुलाखतीपाशी तिची बोटं थांबली.

"मॅडम, काकी म्हणते तांदूळ वाढले. बाजूला काही लिहू का?"

"ऐकलंस तेवढंच लिही. तुझं शहाणपण मध्ये नको. अर्थ लावायला आम्ही आहोत ना!"

निलमने मान डोलावली आणि ऐकलेलं तेवढंच लिहिलं.

पुढे उमेशनेही मला विचारलं, "निलमच्या पाड्यावर बऱ्याच बायका तांदूळ 'वाढले' म्हणतात. म्हणजे चांगलंच ना?" मी घाईत होते. "मग काय वाईट?" म्हटलं आणि मोकळी झाले. 'वाढले' भरभराटीच्या रकान्यात गेलं, आणि जेवणघर दुसऱ्याच पाड्यावर.

निवडलेल्या पाड्याचं नाव जाहीर झालं तेव्हा निलम माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "मॅडम, घरात तांदूळ संपले असं आमच्यात तोंडाने बोलत नाहीत. वाढले म्हणतात."

माझ्या माहेरी दिवा विझवत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटत नाही, वाढते. मला सगळं ठाऊक होतं. अडाणी कोणी असेल तर ती मीच. मी वरपर्यंत पत्रं लिहिली. 'पुढच्या वर्षी पाहू' असं उत्तर आलं.

श्रावणात निलम मला भिकीकाकीकडे घेऊन गेली. मी माफी मागायला तोंड उघडणार, तोच काकी उठली.

"बसा, वाढते."

"नको काकी, जेवून आलो," निलम घाईने म्हणाली.

"खोटा नको बोलू. पावनी बाय आली हाय."

दोन ताटल्यांत थोडाथोडा भात आला. मागे पातेलं खरवडल्याचा आवाज आम्ही ऐकला होता. दारात काकीची नात उभी होती. नाही म्हणणं म्हणजे काकीचा अपमान. दोघींनी माना खाली घालून खाल्लं.

निघताना निलमने विचारलं, "काकी, तुम्हा दोघींना भात?"

"वाढला," काकी म्हणाली.

या वेळी मला अर्थ कोणी सांगावा लागला नाही.