सासूबाईंबरोबर अंदमानात

मुलगी गेली तेव्हा ती नुकती बसायला लागली होती. तीन दिवस ताप आला, चौथ्या दिवशी सगळं संपलं. त्यानंतरचे कलकत्त्यातले महिने मला नीट आठवत नाहीत. मी स्वयंपाक करत होते, भवानीपूरच्या बाजारातून भाजी आणत होते, महाराष्ट्र मंडळाच्या बायका भेटायला आल्या की चहा करत होते. "रडून घे गं, मोकळी हो," असं त्या सांगायच्या. मी मान हलवायची. रडू येत नव्हतं. दाताच्या डॉक्टरनं सुई दिल्यावर गाल आपला राहत नाही, तसं माझं सगळं अंग झालं होतं.

आमचे हे केंद्र सरकारच्या तारखात्यात होते. त्यांना पोर्ट ब्लेअरच्या बिनतारी केंद्राचं काम निघालं. बायकोला बरोबर न्यायची परवानगी त्यांनी मागून घेतली. "हवापालट होईल," म्हणाले. मी हो म्हटलं. नाही म्हणायलाही काहीतरी वाटावं लागतं.

सासूबाई तेव्हा आमच्याकडेच होत्या. मुलगी आजारी पडल्याची तार मिळताच त्या साताऱ्याहून निघाल्या आणि सगळं आटोपल्यावर पोचल्या होत्या. जेवताना ह्यांनी अंदमानचं सांगितलं. सासूबाईंनी ताटातला हात थांबवला आणि म्हणाल्या, "मीपण येते."

"आई, बोटीचे तीन-चार दिवस आहेत. झेपणार नाही तुला."

"माझा दादा तिथं होता," त्या म्हणाल्या.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. आईला एक थोरला भाऊ होता आणि तो तरुणपणीच गेला, एवढंच त्यांना ठाऊक होतं. पुढे विचारायला गेले तर सासूबाई भात कालवायला लागल्या.

खिदिरपूरच्या गोदीतून बोट निघाली. खालच्या मजल्यावर पूर्व बंगालमधून आलेली निर्वासित कुटुंबं होती. त्यांना तिकडे जमीन मिळणार होती. हांडे, चटया, कोंबड्या, एका म्हातारीजवळ डब्यात लावलेली तुळस. वरच्या मजल्यावर आम्ही, काही सरकारी माणसं आणि एक निवृत्त बंगाली मास्तर. मास्तर तिथला काळ्या पाण्याचा तुरुंग बघायलाच निघाले होते. स्वातंत्र्य आल्यापासून तशी माणसं तिकडे जायला लागली होती, देवदर्शनाला जावं तशी.

दुसऱ्या दिवशी ह्यांच्या तोंडून बोलता बोलता निघून गेलं, की आमच्या आईंचे भाऊ तिथे कैदेत होते. मास्तर ताडकन उठले. आत जाऊन चष्मा पुसत परत आले आणि खाली वाकून त्यांनी सासूबाईंच्या पायांना हात लावला. "माँ, आप धन्य हैं," म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. सासूबाईंनी पाय लुगड्याखाली ओढून घेतले. त्यानंतर बोटीवरची माणसं त्यांना वाट देऊ लागली. कॅप्टननं त्यांच्यासाठी बसायला वेताची खुर्ची पाठवली. त्या खुर्चीत बसल्या नाहीत. खाली सतरंजीवर माझ्याजवळ बसून समुद्राकडे बघत राहिल्या.

पोर्ट ब्लेअरला पोचल्यावर ह्यांचं काम सुरू झालं आणि मास्तरांबरोबर आम्ही दोघी तुरुंग बघायला गेलो. टेकडीवर, समुद्राकडे तोंड करून तो उभा होता. त्याच्या लांब इमारतींपैकी काही पडलेल्या होत्या. खाकी कपड्यातला एक शिपाई पुढे झाला आणि त्यानं माहिती सांगायला सुरुवात केली. इथे तेलाचा कोलू फिरवायचे, इथे फटके मारायचे, ही फाशीची जागा. रोज सांगून सांगून त्याचा आवाज अगदी सपाट झाला होता. तो मला बरा वाटला. मास्तर प्रत्येक कोठडीच्या उंबऱ्याला हात लावून कपाळाला नेत होते.

मी एका कोठडीत जाऊन उभी राहिले. वर एक झरोका, बाकी भिंती. बाहेर ऊन रणरणत होतं आणि आत गारवा होता. इथं माणसं वेडी झाली, हे मला कळत होतं. कळत होतं एवढंच. बाजारात काकडी महाग झाली हे जसं कळतं, तसं.

मास्तरांनी येताना फुलांचा हार आणला होता. तो सासूबाईंच्या हातात देत ते म्हणाले, "माँ, आप अपने हाथ से चढ़ाइए."

सासूबाईंनी हार घेतला नाही. त्या माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, "सांग त्यांना. माझा दादा देशासाठी नव्हता आला. शेताच्या बांधावरनं त्यानं चुलतभावाला कुऱ्हाडीनं तोडला. आमच्या दारात. मी बघत होते."

मी मास्तरांकडे पाहिलं.

"सांग ना गं. केव्हापासून तो म्हातारा माझ्या पाया पडतोय."

मी माझ्या मोडक्या हिंदीत सांगितलं. मास्तरांनी हारातलं एक सुटलेलं फूल नीट खोवलं. मग हळूच म्हणाले, "वो भी तो यहीं रहा होगा, माँ." हार त्यांनी त्याच कोठडीच्या कडीला अडकवला आणि पुढे गेले. त्यानंतरही ते सासूबाईंना माँच म्हणत होते, पण पायाला हात लावला नाही.

संध्याकाळी सासूबाईंनी ह्यांनाही सगळं सांगितलं. ह्यांनी ऑफिसात चौकशी केली. तिथला एक चपराशी म्हणाला, गावाबाहेर एक बंबईकडचा बुढ्ढा आहे, जुना कैदी, सुटल्यावर इथेच राहिलेला. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं तिकडे गेलो. नारळाच्या बागेत लाकडी घर होतं. म्हातारा पायरीवर सुपाऱ्या सोलत बसला होता. मराठी ऐकून त्यानं मान वर केली. तोंड उघडलं, पण मराठी शब्द लगेच आले नाहीत.

"कुठल्या... कुठल्या गावच्या, बाई?"

सासूबाईंनी वाईजवळच्या आपल्या गावाचं नाव सांगितलं. दादाचं सांगितलं. उंच होता, डाव्या भुवईवर वण होता.

"था ना," म्हातारा म्हणाला. "होता. सुटल्यावर त्या तिकडं ऱ्हायचा, नाल्याच्या पल्याड. एकटाच. शादी नाय केली. एक गाय होती त्याची."

"मग?"

"जपानी आले ना लढाईत. एक दिन बहुत आदमी ले गये, नावेत घालून. त्यात तो पण. कोणीच नाय आलं परत."

सासूबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. हे त्यांच्याजवळ सरकले. मला वाटलं, आता त्या मोठ्यानं रडतील. त्यांनी विचारलं, "गाय कुणी सांभाळली?"

"गाय जपान्यांनी खाल्ली," म्हातारा म्हणाला, आणि पुन्हा सुपारी सोलायला लागला.

परत येताना सासूबाई रस्त्यात थांबल्या. हे पुढे गेले होते. त्या मला म्हणाल्या, "चाळीस वर्षं घरात त्याचं नाव काढायची चोरी होती. मनात म्हणायची, एकदा कळू दे, मग पोटभर रडेन. आणि आता काहीच वाटत नाही गं मला. दगड झालाय नुसता." त्यांच्या स्वरात दुःख नव्हतं, आश्चर्य होतं.

"मलाही तसंच होतं," मी म्हणाले. मुलगी गेल्यापासून हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "ठाऊक आहे मला," म्हणाल्या. आणि आम्ही चालायला लागलो.

परतीच्या बोटीत खालचा मजला रिकामा होता. सासूबाई दादाच्या गोष्टी सांगत होत्या. तो विहिरीत उलटी उडी मारायचा, त्याला कारल्याची भाजी आवडायची, यात्रेत तो त्यांना खांद्यावर बसवून न्यायचा. सांगता सांगता मध्येच त्यांनी विचारलं, "तुझ्या लेकीचे कान टोचले होते का गं? मला बघायला मिळाली नाही ती."

"टोचले होते," मी म्हणाले. "रडली नाही. सोनाराची मिशी ओढत होती."

"आणि रंग? बापावर गेली होती?"

मग मी सांगत गेले. ती झोपेत ओठ कसे हलवायची, ट्रामची घंटा वाजली की खिडकीकडे कशी मान वळवायची. इतके महिने सगळे मला ती विसरायला सांगत होते. ती कशी होती, हे कुणी विचारलंच नव्हतं. माझे डोळे कोरडेच होते. सासूबाईंचेही. हे थोड्या अंतरावर कठड्याला टेकून उभे होते. ते ऐकत होते की नाही, कळत नव्हतं. मग मी विसरलेली एक गोष्ट त्यांनीच तिथून सांगितली, की तिला गुदगुल्या मानेला नाही, तळपायाला व्हायच्या.

सासूबाई पुढच्या आठवड्यात साताऱ्याला गेल्या. मला रडू आलं ते त्या वर्षाच्या शेवटी, कलकत्त्यात एस्प्लनेडला, काही कारण नसताना, चादरींच्या दुकानात. दुकानदारानं स्टूल दिलं. मी रडून घेतलं आणि एक चादर घेऊन घरी आले.