पाटावरचं जॅकेट

माझ्या धाकट्या भावाने महाळुंग्यात बंगला बांधला आणि मागच्या अंगणात पोहण्याचा तलाव केला. आमच्या घरात पोहता येणारं माणूस एकच, आमची आई, आणि तिची सत्तरी उलटलेली. भाऊ लहानपणी विहिरीवर जायचं म्हटलं की पोट दुखतंय म्हणून झोपून राहायचा. मग तलाव कशाला? तर आलागेला बघेल आणि 'वा!' म्हणेल. मी थेरगावला राहते, शाळेत शिकवते, त्यामुळे ओरडण्याची सवय आहे. मी त्याला फोनवर सुनावलं, "अरे, घरात तीन वर्षांची पोर आहे. तलावापेक्षा वाघ पाळ. त्याला निदान बांधून तरी ठेवता येईल."

आई त्याला हौद म्हणते. "एवढं पानी आन् एक म्हस न्हाई धुवायला," असं तिने वास्तुशांतीलाच सगळ्या पाहुण्यांदेखत सांगून टाकलं. भावाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

पोर म्हणजे माझी भाची. तिला पाण्याचं विलक्षण वेड. पहिल्याच आठवड्यात तिने तलावात बापाची चप्पल, आजीचा चष्मा आणि निवडून ठेवलेली कोथिंबीर टाकली. प्रत्येक वस्तूला काठावरून हुकूम, "पोह!" चप्पल पोहली, कोथिंबीर पोहली, चष्मा बुडाला. तो काढायला आईच पदर खोचून उतरली. त्या दिवशी भावाला पहिल्यांदा धडकी भरली, कारण चष्म्यानंतर पोर स्वतःला 'पोह' म्हणणार हे त्याला दिसलं.

भाऊ चाकणच्या एका कंपनीत सुपरवायझर आहे. घाबरला की त्याला कंपनीच आठवते. त्याने तलावाभोवती उंच जाळी लावली. जाळीला फाटक असं, की सोडलं की आपोआप बंद होणार आणि कडी पोरीच्या हाताला लागणार नाही इतक्या वर. इथवर शहाणपणा होता. मग त्याने आणलं एक जॅकेट. कामगार घालतात ते, पोपटी रंगाचं, अंधारात चमकणाऱ्या पट्ट्यांचं, आणि सोबत एक शिट्टी.

नियम असा: पोर अंगणात असली की मोठ्यांपैकी एकाच्या अंगावर जॅकेट हवं. जॅकेटवाल्याने फक्त पोरीकडे बघायचं. फोन नाही, गप्पा नाहीत. "कंपनीत शिफ्ट सुटली तरी पुढचा माणूस आल्याशिवाय मशीन सोडता येत नाही, ताई," तो मला म्हणाला. "सगळे बघतायत म्हटलं की कुणीच बघत नसतं." आणि जॅकेट दुसऱ्याला देताना तोंडाने बोलायचं. एकाने म्हणायचं, "चार्ज दिला." दुसऱ्याने म्हणायचं, "चार्ज घेतला." त्याशिवाय जागचं हलायचं नाही.

"मटार सोलले तर चालंल का?" आईने विचारलं.

"नाही. हात रिकामे पाहिजेत."

"हात रिकामं ठिवून बसायला मी काय पाव्हणी हाय व्हय?"

पण बसली. नऊवारीवर पोपटी जॅकेट, गळ्यात डोरल्याशेजारी शिट्टी. शिट्टी तिला फारच आवडली. ती कावळ्यांवर वाजवायची, दूधवाल्यावर वाजवायची, भाऊ जेवताना तिसऱ्यांदा लोणचं घ्यायला लागला की त्याच्यावरही वाजवायची. भावजय तर एकदा जॅकेट काढायला विसरून तशीच चाकणच्या बाजारात गेली. एक गाडीवाला काच खाली करून तिला म्हणाला, "मॅडम, कुठं लावू?" तिनेही त्याला व्यवस्थित जागा दाखवली आणि मागे घ्यायला मदत केली.

मला हे सगळं ऐकून हसू आवरेना. मी गेले की माझ्याही हातात जॅकेट. "चार्ज घेतला म्हण," भाऊ म्हणायचा. मी म्हणायचे, "जॅकेट घालते, पोर सांभाळते, पण ते वाक्य म्हणणार नाही. मी काय लेथ मशीन चालवायला आलेय?" तो रुसायचा. मी मान हलवायचे, तेवढ्यावर तो भागवून घ्यायचा.

मग दसरा आला. भावाने मागच्या अंगणात पूजा मांडली. पाटावर कोयता, विळी, पाना, ड्रिल मशीन, पोरीची पाटी. आणि मधोमध, घडी घालून, पोपटी जॅकेट. वर शिट्टी. वर्षभर ज्याने पोर सांभाळली त्याची पूजा नको का? मान्य. जॅकेटला हळदी-कुंकू लावलं, फूल वाहिलं. फाटकाचीही पूजा झाली. त्याला दोन्ही बाजूंनी गंध लावायचं, तर ते मेलं सारखं बंद होई. म्हणून भावाने ते उघडं करून झेंडूच्या माळेने जाळीला बांधून ठेवलं. फाटक छान सजलं. येणारे पाहुणे म्हणत होते, "वा!"

पुजलेल्या वस्तूला दसऱ्याच्या दिवशी हात लावायचा नाही, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. त्या दिवशी पोरं पाटीला शिवत नाहीत, आई विळीवर बसत नाही. तसं जॅकेटलाही कुणी शिवलं नाही.

अंगण माणसांनी भरलं होतं. पोर पिवळ्या फ्रॉकमध्ये मूठभर आपट्याची पानं घेऊन सगळ्यांना सोनं वाटत फिरत होती. मी पाटापाशी उभी होते. कुंकवाने माखलेलं ते जॅकेट बघून मला जोरात हसू आलं, आणि भावाची फिरकी घ्यायला मी तोंड उघडलं, "काय रे, आज चार्ज कुणाकडे?"

विनोद म्हणून विचारलं होतं. पण तो आईकडे बघायला लागला, आई भावजयीकडे, भावजय माझ्याकडे.

मी वळले. फाटक माळेने बांधलेलं, सताड उघडं. तलावात आपट्याची पानं तरंगत होती आणि पानांच्या मध्ये पिवळा फ्रॉक होता. पाण्यात पडलं की धप्प आवाज होतो, माणूस ओरडतं, असं मला वाटायचं. पंचवीस माणसांतून कुणाला काही ऐकू आलं नव्हतं.

मी पैठणीसकट उडी मारली. मला पोहता येत नाही. पाणी माझ्या कमरेइतकंच होतं, त्यामुळे मी गुडघ्यांवर आपटले, तोंडात पाणी गेलं, पण हाताला फ्रॉक लागला तो मी सोडला नाही. वर उचललं तेव्हा ती खोकली, ओकली आणि मग आमच्या सात पिढ्यांत कुणी काढला नसेल असा गळा काढला. इतका गोड आवाज मी ऐकलेला नाही.

"हौदाला सोनं देत होते," ती हुंदके देत म्हणाली. "माझी चप्पल पण गेली."

भावजय पोरीला पोटाशी धरून खालीच बसली. भाऊ फाटकापाशी गेला आणि ती माळ दोन्ही हातांनी तोडायला लागला. गाठ सुटेना, तसा रडायला लागला. आईने सरळ पाटावरचं जॅकेट उचललं, कुंकू झटकलं आणि अंगात घातलं.

"आरं, आज त्येचा सण आसंल," ती म्हणाली. "पन पानी काय सुट्टीवर हाय व्हय?"

डॉक्टरांनी तपासून सगळं ठीक असल्याचं सांगितलं. संध्याकाळी मी भावजयीची साडी नेसून निघाले. पोर अंगणात माझ्याच खांद्यावर झोपली होती आणि जॅकेट माझ्या अंगात होतं. भाऊ तिला घ्यायला पुढे आला. त्याने हात पसरले. मला तिला देता येईना.

"चार्ज दिला," मी म्हटलं.

त्याने नुसती मान हलवली.

"तोंडाने म्हण," मी म्हटलं आणि तो म्हणेपर्यंत तिला सोडलं नाही.