पहिल्या आलेल्या मुलीची गोष्ट

अमरावतीच्या राजापेठेतल्या मुलींच्या वसतिगृहात सुभद्राबाई बावीस वर्षं रेक्टर होत्या. शिस्तीला कडक, मनाने मऊ. दर जुलैत स्वागत समारंभात शिष्यवृत्तीवरच्या एका हुशार मुलीला पुढे उभी करून त्या तिची कहाणी सांगत. नव्या मुलींना हुरूप यावा, एवढाच हेतू.

यंदा पाळी अकोल्याच्या दीक्षाची होती. "हिची आई दवाखान्यात फरशी पुसते, आणि ही बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला वर्गात पहिली!" टाळ्या कडकडल्या. दीक्षा खाली पाहत राहिली. बाईंना तो विनय वाटला.

दुसऱ्या वर्षाच्या हिवाळी परीक्षेत दीक्षा रसायनशास्त्रात नापास झाली आणि निकालाच्याच दिवशी बॅग भरून घरी गेली. पुढच्या परीक्षेचा फॉर्म भरायची मुदत शनिवारी संपत होती. शुक्रवारी बाई एसटीने अकोल्याला पोचल्या.

"घेऊन जा मॅडम इले," चहा देत दीक्षाची आई पंचफुलाबाई म्हणाली. "घरी बसून माह्यं डोकं खाऊन राहिली."

"आई, तू गप राय."

"एका विषयाचं काय एवढं?" बाई म्हणाल्या. "अडलं ते सरांना विचारायचं होतंस."

"कसं विचारू? समारंभानंतर पोरी म्हनत, ते पाह्य, फरशीवालीची टॉपर. साधा प्रश्न विचारला असता तं म्हनल्या असत्या, हे काय पहिली येते! तुमी मले गोष्टीत घातलं, मॅडम. गोष्टीतली पोरगी नापास होत नाई."

बाईंच्या हातातला चहा निवला. बावीस मुलींच्या गोष्टी त्यांनी सांगितल्या. एकीलाही आधी विचारलं नव्हतं.

"यापुढे कुणाला काही सांगणार नाही. चल, उद्या फॉर्म भरू."

"सांगून तं झालं न."

"फरशी पुसतो, त्याची मले लाज नाई," पंचफुलाबाई हळूच म्हणाली. "पन सांगाच्या आधी इले पुसा लागत होतं."

दीक्षाचं ठरलं होतं. जूनमध्ये ती अकोल्यातच एका कॉलेजात नव्याने नाव घालणार होती. वर्ष वाया गेलं तरी चालेल, त्या कॉलेजात तिला कुणी ओळखत नव्हतं. कॉलेजातून दाखला काढून पाठवते, एवढंच बाई म्हणू शकल्या.

स्टँडवर सोडायला दीक्षा आली. बाईंनी विचारलं, "किती धडे अडले होते गं?"

"एकच. पहिलाच. पुढचं सारं त्याच्यावरच होतं."

अमरावतीची गाडी लागली. बाई चढल्या, दीक्षाने त्यांची पिशवी वर दिली. "पुढची सीट धरा, मॅडम. मागं लय आदळते."